आधी वय, मग नाव : मुंबईच्या समुद्रपक्ष्यांसाठी फील्ड गाइड निवडताना आणि वापरताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन-तीन हिवाळे शिवडीला आणि भांडुपला पक्षी पाहून झाले आहेत, बगळे आणि तुतवार आता ओळखू येतात. पण मांडव्याच्या बोटीमागे लागणारे कुरव आणि अलिबागजवळच्या आक्षीच्या वाळूवर बसलेले सुरय, म्हणजे टर्न, पुस्तकातल्या चित्रांशी जुळत नाहीत. समुद्रपक्ष्यांसाठी वेगळे पुस्तक घ्यावे का? घ्यावे तर कोणते? आणि मोबाइलमध्ये अॅप असताना पुस्तक लागतेच का?

वेगळे पुस्तक घ्यावे, पण आधी चित्र का जुळत नाही ते समजून घ्या. नाहीतर महागडे पुस्तक आणल्यावरही तीच अडचण राहील.

बुलबुल किंवा खंड्या वर्षभर जवळजवळ सारखाच दिसतो. कुरवाचे, म्हणजे गलचे, तसे नाही. ब्राउन-हेडेड आणि ब्लॅक-हेडेड यांसारख्या लहान गलना प्रौढ पिसारा यायला साधारण दोन वर्षे लागतात. पॅलसेस गल किंवा ह्यूग्लिन्स गल यांसारख्या मोठ्यांना चार. त्या प्रत्येक वर्षात हिवाळ्याचा पिसारा वेगळा आणि उन्हाळ्याचा वेगळा. म्हणजे एकाच पॅलसेस गलची सात-आठ रूपे होतात, आणि आपल्याकडच्या सर्वसाधारण पक्षी-पुस्तकात त्यांतली दोन-तीनच छापलेली असतात. तुमच्या समोरचा पक्षी पुस्तकात नसतो, कारण त्याच्या वयाचे चित्रच तिथे नसते. मग आपण सगळ्यात जवळचे दिसणारे चित्र निवडतो आणि चुकतो.

म्हणून समुद्रपक्ष्यांत पहिला प्रश्न "हा कोण?" असा विचारूच नका. "हा किती वर्षांचा?" असा विचारा. पुस्तकाची निवड आणि पुस्तकाचा वापर, दोन्ही याच प्रश्नावर उभे आहेत.

दुकानात पुस्तक हातात आल्यावर मुखपृष्ठ आणि प्रजातींची संख्या बाजूला ठेवा. पॅलसेस गलचे पान काढा आणि चित्रे मोजा. बसलेला आणि उडता, पहिल्या हिवाळ्यातला, दुसऱ्या हिवाळ्यातला, प्रौढ हिवाळी आणि प्रौढ उन्हाळी, एवढे तरी हवेच. मग ब्रायडल्ड टर्न आणि सूटी टर्नचे पान काढा. पंखांची वरची बाजू आणि खालची बाजू दोन्ही दाखवली आहेत का? सूटीचे पिल्लू दाखवले आहे का? ते प्रौढापेक्षा इतके वेगळे असते की ते चित्र नसलेले पुस्तक मुंबईच्या पावसाळ्यात निरुपयोगी ठरते. तिसरी तपासणी प्रमाणाची. एकाच पानावरचे सगळे पक्षी एकाच मापात काढलेले आहेत का? काही पानांवर लिटल टर्न आणि कॅस्पियन टर्न जवळजवळ एकाच आकाराचे दिसतात. प्रत्यक्षात पहिला साळुंकीएवढा असतो आणि दुसरा कावळ्याहून मोठा. शेवटी मजकूर चित्रासमोरच्या पानावर आहे की पुस्तकाच्या मागच्या भागात, तेही पाहा. हलत्या लाँचवर एका हाताने कठडा धरून पाने उलटायची असतात, तिथे मागे-पुढे करणे जमत नाही.

आता पुस्तकांबद्दल. सालिम अलींचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ मध्ये आले आणि पिढ्यांनी त्यावर पक्षी शिकले. पण समुद्रपक्ष्यांसाठी ते पुरे पडत नाही. सोबत न्यायला ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचे भारतीय उपखंडाचे पुस्तक चांगले. मोठे पुस्तक १९९८ चे, दुसरी आवृत्ती २०११ ची. दुसऱ्या आवृत्तीत चित्र, मजकूर आणि नकाशा समोरासमोर आहेत, म्हणून तीच घ्या. रासमुसेन आणि अँडरटन यांचे दोन खंडांचे पुस्तक २००५ मध्ये निघाले, दुसरी आवृत्ती २०१२ मध्ये. पहिला खंड चित्रांचा. दुसऱ्या खंडात चोच, पंख, शेपूट आणि पायाची मापे मिलिमीटरमध्ये आहेत. किनाऱ्यावर पडलेला पक्षी हाती आला की ही मापे कोणत्याही चित्रापेक्षा जास्त उपयोगी पडतात. त्यासाठी दुसरा खंड घरी असावा, बोटीवर न्यायची गरज नाही.

नुसत्या गलसाठी ओल्सन आणि लार्सन यांचे युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या गलवरचे जाड पुस्तक आहे. जुन्या बाजारात मिळाले तर २००४ ची दुरुस्त आवृत्ती आहे याची खात्री करून घ्या. ओल्सन यांचेच जगभरच्या गलचे छायाचित्रांचे पुस्तक २०१८ मध्ये आले, तेही तितकेच उपयोगी. खोल समुद्रातल्या पक्ष्यांसाठी ऑनली आणि स्कोफील्ड यांचे २००७ चे पुस्तक आटोपशीर आहे. त्यात फक्त अल्बट्रॉस, पेट्रेल आणि शियरवॉटर आहेत. बूबी, फ्रिगेटबर्ड, टर्न त्यात सापडणार नाहीत. हॉवेल आणि झुफेल्ट यांचे २०१९ चे छायाचित्रांचे पुस्तक जगातल्या सागरी पक्ष्यांचे आहे. पीटर हॅरिसन यांचे १९८३ चे पुस्तक अनेक वर्षे या विषयाचा आधार होते आणि २०२१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह संपूर्ण नव्या चित्रांचे पुस्तक काढले. ते जड आहे आणि किंमतही तशीच. ते घरी टेबलावर ठेवून वाचायचे पुस्तक आहे.

मुंबईकराला माझा सल्ला असा. पहिले दोन हिवाळे उपखंडाचे एकच पुस्तक वापरा. तिसऱ्या वर्षी गलचे पुस्तक घ्या, कारण ऑक्टोबर ते एप्रिल तुमच्यासमोर गलच जास्त असणार. जगभराच्या सागरी पक्ष्यांचे पुस्तक त्यानंतर. क्रम उलटा केला तर जगातले सगळे पेट्रेल समोर येतात आणि नवशिका माणूस वरळीसमोर हमखास दक्षिण ध्रुवाकडचा पक्षी "ओळखतो".

चित्र चांगले की छायाचित्र, असाही प्रश्न येतो. चित्रात सगळे पक्षी एकाच प्रकाशात आणि एकाच कोनातून काढलेले असतात, त्यामुळे तुलना करता येते. छायाचित्रात खरा पक्षी दिसतो, पण पाठीचा राखाडी रंग ऊन, ढग आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगप्रमाणे बदलतो. मोठ्या गलची ओळख याच राखाडी छटेवर अवलंबून असते, त्यामुळे दोन वेगवेगळ्या छायाचित्रांतल्या छटांची तुलना करून निर्णय घेऊ नका. एकाच थव्यात शेजारी-शेजारी बसलेल्या दोन पक्ष्यांची छटा मात्र विश्वासाने पाहता येते.

अॅप जरूर ठेवा. पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन अॅपचा आपल्या भागाचा पॅक घरीच डाउनलोड करून ठेवा, बोटीवर नेटवर्क जाते. पक्षी-नोंदींच्या ईबर्ड संकेतस्थळावरचे जिल्ह्याचे पट्टीचे आलेख तर अमूल्य आहेत. कोणता पक्षी कोणत्या आठवड्यात नोंदला गेला ते एका नजरेत दिसते. पण अॅप ठिकाण आणि तारखेवरून यादी छाटते. जे आधी नोंदले गेले आहे तेच ते पुढे करते. बागेतल्या पक्ष्यांना हे चालते. समुद्रपक्ष्यांच्या नोंदीच मुळात कमी, म्हणून नेमका महत्त्वाचा पक्षी यादीतून गळतो. लहान वयाच्या गलच्या फोटोवर अॅपने दिलेले नाव ही एक शक्यता समजा आणि ती पुस्तकात तपासा. उपखंडाच्या पुस्तकातल्या समुद्रावरच्या नकाशांचेही तसेच. किनाऱ्यापासून ४० किलोमीटरवर पक्षी पाहायला जाणारी माणसे थोडी असल्याने नकाशातली कोरी जागा बहुतेक वेळा निरीक्षकांची उणीव दाखवते.

आता पुस्तक वापरायचे कसे. मांडव्याच्या किंवा भाऊच्या धक्क्याच्या लाँचपासून सुरुवात करा. गल हातभर अंतरावर येतात आणि पंख उघडे असतात. इतकी सोय दुसरीकडे मिळत नाही. त्यांना गाठिया किंवा वेफर्स टाकू नका. तेलकट, खारट खाणे त्यांच्यासाठी वाईट आहे, आणि बोटीच्या पंख्याने घुसळलेल्या पाण्यात मासळी वर येते म्हणून ते तसेही मागे येतातच.

बोटीमागचे बहुतेक गल ब्राउन-हेडेड किंवा ब्लॅक-हेडेड असतात. डोके पाहू नका. हिवाळ्यात दोघांचेही डोके पांढरे असते आणि कानामागे काळा ठिपका असतो. पंखाचे टोक पाहा. प्रौढ ब्राउन-हेडेडच्या टोकाला मोठा काळा भाग असतो आणि त्या काळ्यात बाहेरच्या दोन पिसांवर पांढरे ठिपके असतात. पुस्तकात त्यांना मिरर म्हणतात. ब्लॅक-हेडेडच्या पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरा त्रिकोण असतो आणि काळे फक्त टोकांच्या मागच्या कडेला. खालून पाहिले तर ब्राउन-हेडेडचे टोक गडद दिसते आणि त्यात मिरर चमकतो. प्रौढ ब्राउन-हेडेडचा डोळा फिकट असतो, ब्लॅक-हेडेडचा काळा.

इथेच सगळ्यात सामान्य चूक होते. ब्राउन-हेडेडच्या पिल्लाचा डोळाही काळाच असतो आणि त्याच्या पंखावर मिररही नसतात. काळा डोळा दिसला की लोक ब्लॅक-हेडेड लिहून मोकळे होतात. म्हणून आधी वय. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी आणि पंखावर तपकिरी तिरका पट्टा असेल तर तो पहिल्या हिवाळ्यातला पक्षी. मग डोळा आणि मिरर विसरा. पंखाच्या पुढच्या कडेचा पांढरा त्रिकोण आहे की नाही, एवढेच पाहा. तो नसेल आणि टोक सलग काळे असेल तर ब्राउन-हेडेड.

तिसरा लहान गल स्लेंडर-बिल्ड. शिवडी आणि ठाणे खाडीत तो दिसतो. पंखाचे टोक ब्लॅक-हेडेडसारखेच असल्याने इथे डोक्याचा आकार पाहावा लागतो. कपाळ लांब आणि उतरते, मान लांब, चोचही लांब. कानामागचा ठिपका पुसट किंवा नाहीच. याचे डोके कधीच काळे किंवा तपकिरी होत नाही. म्हणून मार्चमध्ये बाकीच्या थव्याला गडद टोप्या आल्या असताना एखादा मोठा, पांढऱ्या डोक्याचा, किंचित गुलाबी झाक असलेला गल दिसला तर नीट पाहा.

या सगळ्यात पिसांची नावे येणारच, त्यांना घाबरू नका. पंखाच्या टोकाची लांब पिसे म्हणजे प्रायमरी. ती आतून बाहेर मोजतात आणि सगळ्यात बाहेरचे मोठे पीस दहावे. आतली पिसे सेकंडरी, त्यांच्या मुळाशी झाकण घालणारी ती कव्हर्ट. शेपटीच्या वर, पाठीच्या शेवटी असलेला भाग म्हणजे रंप. प्रत्येक चांगल्या पुस्तकात पहिल्या काही पानांवर याचे चित्र असते आणि बहुतेक लोक ते पान उलटून पुढे जातात. ते एकदा वहीत स्वतः काढा. पक्षी उत्तम काढता यायची गरज नाही. पंखाचा बाह्याकार काढून त्यात काळे-पांढरे कुठे आहे ते दाखवता आले की पुरे.

मोठ्या गलमध्ये पॅलसेसपासून सुरुवात करा. बसल्यावर तो बाकीच्यांच्या वर डोके काढून असतो. कपाळ उतरते, चोच जाड आणि लांब, डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या चकत्या. फेब्रुवारीपासून प्रौढाचे डोके काळे होते आणि पिवळ्या चोचीच्या टोकाकडे लाल आणि काळा पट्टा उठून दिसतो. पहिल्या हिवाळ्यातच पाठ स्वच्छ राखाडी होते आणि पांढऱ्या शेपटीवर रुंद काळी पट्टी धारदार कडेची असते. याच वयाच्या ह्यूग्लिन्सची पाठ अजून तपकिरी ठिपक्यांची असते.

ह्यूग्लिन्स, स्टेप आणि कॅस्पियन हे गल पुस्तकावरून पाहिले तर सगळ्यात त्रासदायक. पाठीची छटा ह्यूग्लिन्सची सगळ्यात गडद, कॅस्पियनची फिकट, स्टेपची मधली. पण मघाशी म्हटल्याप्रमाणे प्रकाश फसवतो. याहून भक्कम खूण पिसे बदलण्याच्या वेळेची. ह्यूग्लिन्स उत्तरेकडे वीण करून येतो आणि प्रायमरी पिसे बदलण्याचे काम आपल्याकडे आल्यावर हिवाळ्यात चालू ठेवतो. जानेवारीत बाहेरची पिसे अर्धवट वाढलेली, पंखाचे टोक बोथट, असा गडद पाठीचा प्रौढ गल ह्यूग्लिन्सकडे बोट दाखवतो. स्टेप आणि कॅस्पियनचे हे काम लवकर आटोपते. डिसेंबर-जानेवारीत बाहेरच्या पिसांचा एक स्वच्छ फोटो मिळवा. त्या एका फोटोची किंमत शंभर बसलेल्या फोटोंपेक्षा जास्त आहे.

इथे नावांचा घोळही सांगायला हवा, कारण दोन पुस्तके शेजारी ठेवली की माणूस गोंधळतो. एका पुस्तकात ह्यूग्लिन्स ही स्वतंत्र प्रजाती असते, दुसऱ्यात ती लेसर ब्लॅक-बॅक्डची उपप्रजाती. स्टेपला कोणी लेसर ब्लॅक-बॅक्डखाली ठेवते, कोणी कॅस्पियनखाली. शास्त्रीय नावेही बदलली आहेत. जुन्या पुस्तकात ब्राउन-हेडेड गल लारसमध्ये सापडेल, नव्यात क्रोइकोसेफॅलसमध्ये. तुरेवाले सुरय स्टर्नामधून थॅलॅसियसमध्ये गेले, ब्रायडल्ड आणि सूटी ऑनिकोप्रिऑनमध्ये, लिटल टर्न स्टर्नुलामध्ये. फ्लेश-फूटेड शियरवॉटर पफिनसऐवजी आर्डेना झाला. नावाचा दुसरा शब्द सहसा तोच राहतो किंवा फक्त शेवट बदलतो, म्हणून सूचीत दुसऱ्या शब्दाने शोधा. पानांचा क्रमही सारखा नसतो. काही पुस्तकांत पेट्रेल आणि शियरवॉटर अगदी सुरुवातीला असतात, काहींत चिखलपक्ष्यांच्या पुढे. पानांच्या कडेला रंगीत चिकटपट्ट्या लावा : गल, टर्न, स्कुआ, पेट्रेल आणि बूबी-फ्रिगेटबर्ड. पाच पट्ट्या पुरतात.

सुरयांमध्ये, म्हणजे टर्नमध्ये, चोचीपासून सुरू करा पण तिथेच थांबू नका. नारिंगी चोच लेसर क्रेस्टेडची. पिवळी, किंचित हिरवट झाक असलेली ग्रेटर क्रेस्टेडची. काळी आणि टोकाला पिवळी सँडविचची. जाड आणि पूर्ण काळी गल-बिल्डची. मोठी लालभडक कॅस्पियनची. अडचण अशी की पिल्लांच्या चोचीचा रंग ठरलेला नसतो आणि तिरप्या उन्हात पिवळे नारिंगी दिसते. तेव्हा रंप पाहा. लेसर क्रेस्टेडची पाठ, रंप आणि शेपूट एकाच राखाडी रंगाची, सँडविचचे रंप आणि शेपूट पांढरी. ग्रेटर क्रेस्टेड जवळजवळ दहा सेंटिमीटरने लांब, पाठ जास्त गडद, आणि विणीच्या काळातही त्याच्या कपाळावर चोचीलगत पांढरी पट्टी राहते. लेसर क्रेस्टेडची काळी टोपी विणीच्या काळात थेट चोचीला भिडते. गल-बिल्ड सहसा पाण्यात सूर मारत नाही, चिखलपट्ट्यावर खाली येऊन खेकडे-किडे उचलतो. त्याच्या वागण्यावरून तो दुरूनही सुटतो.

लिटल आणि सॉन्डर्स या दोन छोट्या सुरयांबाबत ठाम राहा. विणीच्या पिसाऱ्यात लिटलच्या कपाळावरचे पांढरे डोळ्याच्या वर मागे ओढलेले असते, सॉन्डर्सचे डोळ्याच्या आधीच चौकोनी थांबते. सॉन्डर्सच्या पंखाच्या बाहेरच्या पिसांवर काळे जास्त, रंप राखाडी. हिवाळ्यात मात्र यातले काहीच नीट दिसत नाही. अशा वेळी ईबर्डमध्ये "लिटल किंवा सॉन्डर्स" असा एकत्र पर्याय आहे, तोच निवडा. मोठ्या गलसाठीही प्रजाती न ठरवता नोंद करता येते. अंदाजाने लिहिलेले एक नाव पुढे नकाशात जाते, तिथून पुस्तकात जाते आणि पुढच्या माणसाला चुकवते. असा अनर्थ होण्यापेक्षा अर्धी नोंद कितीतरी बरी.

पावसाळ्याचे पुस्तक वेगळे आणि रीतही वेगळी. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्याकडे ढकलतो. जून-जुलैत यांत्रिकी मासेमारी बंद असते, मांडव्याच्या बऱ्याच लाँच बंद असतात, त्यामुळे किनाऱ्यावरूनच पाहावे लागते. दोन-तीन दिवस सलग जोराचा वारा वाहिल्यानंतरची सकाळ निवडा. उत्तन, वांद्र्याचा बँडस्टँड अशा पुढे आलेल्या जागा बऱ्या. पण भरतीच्या वेळी ओल्या खडकावर उतरू नका, मागे रस्त्यालगत उभे राहूनच पाहा. भरती-ओहोटीचे वेळापत्रक रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, निघण्यापूर्वी ते पाहून ठेवा.

या अंतरावरून रंग जवळजवळ दिसतच नाही, उडण्याची ढब दिसते. फ्लेश-फूटेड शियरवॉटर पूर्ण गडद, पंख ताठ, फिकट गुलाबी चोचीला गडद टोक. वेज-टेल्ड सडपातळ, शेपूट लांब, चोच गडद. जूआनिन्स पेट्रेलही पूर्ण गडद, पण चोच आखूड, जाड आणि काळी. विल्सन्स स्टॉर्म-पेट्रेल बुलबुलापेक्षाही लहान, काळपट, रंप पांढरे, पाय शेपटीबाहेर डोकावणारे, पाण्यावर पाय टेकवत नाचल्यासारखा उडणारा. तो अंटार्क्टिकाच्या बाजूला वीण करतो आणि तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्याच्या काळात, अरबी समुद्रात येतो. पुस्तकांतली उडण्याची वर्णने मध्यम वाऱ्यातली असतात हे विसरू नका. जोराच्या वाऱ्यात गलसुद्धा पंख ताठ करून शियरवॉटरसारखा कलंडत जातो. म्हणून त्याच वाऱ्यात ओळखीची घार किंवा गल कसा उडतो आहे ते आधी पाच मिनिटे पाहा आणि मग अनोळखी पक्ष्याकडे वळा.

स्कुआ दिसला तर बहुधा तो दुसऱ्या पक्ष्याचा पाठलाग करून त्याला मासा टाकायला लावत असेल. पोमराइन भरदार, पोट पुढे आलेले, चोच दोन रंगांची. त्याच्या पिल्लाच्या पंखाखाली फिकट चकत्या एकामागे एक अशा दोन दिसतात. आर्क्टिक सडपातळ आणि बहिरी ससाण्यासारखा चपळ. प्रौढ पोमराइनच्या शेपटीची मधली पिसे चमच्यासारखी पिळलेली असतात, आर्क्टिकची टोकदार. पण ती पिसे तुटलेली असू शकतात, त्यामुळे फक्त शेपटीवर विसंबू नका.

पावसाळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे किनाऱ्यावर थकून पडलेले पक्षी. मुंबई, ठाणे आणि पालघरच्या किनाऱ्यावर मास्क्ड बूबी, सूटी टर्न आणि ब्रायडल्ड टर्न असे सापडले आहेत. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईजवळून गेले तशा वादळानंतर दोन-तीन दिवस जास्त लक्ष ठेवावे. असा पक्षी हाती आल्यावर पुस्तक चाळण्याआधी तो वाचवायचा असतो. हातमोजे घाला, टॉवेल टाकून उचला, हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात आणि शांत जागी ठेवा. तोंडात पाणी किंवा मासा कोंबू नका. परत समुद्रात फेकू नका, त्याच्यात उडायचे त्राण नसते म्हणूनच तो इथे आला आहे. बूबीची चोच टोकदार असते आणि तो थेट डोळ्याकडे चोच मारतो, म्हणून चेहरा लांब ठेवा. पण त्याची चोच चिकटपट्टीने किंवा दोरीने बांधू नका. बूबीला बाहेरून नाकपुड्या नसतात, तो तोंडातून श्वास घेतो, आणि चोच बांधली तर गुदमरून मरतो. वन विभागाला १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे तो घरी ठेवता येत नाही.

माणसे येईपर्यंत, पक्ष्याला जास्त त्रास न देता, सहा फोटो काढा : डोके बाजूने, पंख उघडून वरून, पंख उघडून खालून, रंप आणि शेपूट, पाय, आणि चोचीशेजारी मोजपट्टी. मृत पक्षी असेल तर चोचीची लांबी, मिटलेल्या पंखाची लांबी आणि पायाच्या नळीची लांबी घ्या. पंख मोजताना तो सपाट दाबून मोजला की नैसर्गिक बाकासह, ते लिहा, कारण पुस्तकांत दोन्ही पद्धती आढळतात आणि फरक काही मिलिमीटरचा पडतो.

हातातल्या पक्ष्याचा गट पायावरून आणि चोचीवरून क्षणात ठरतो. चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असतील तर पेट्रेल-शियरवॉटरचा गट. चारही बोटे पडद्याने जोडलेली असतील तर बूबी किंवा ट्रॉपिकबर्ड. पुढची तीनच बोटे जोडलेली असतील तर गल, टर्न किंवा स्कुआ. गट ठरला की पुस्तकाची चार-पाच पाने उरतात.

मग वय. मास्क्ड बूबीच्या पिल्लाचे डोके आणि मान तपकिरी असल्याने त्याला ब्राउन बूबी म्हटले जाते. मानेमागे पांढरी पट्टी असेल तर तो मास्क्ड. ब्राउन बूबीचा तपकिरी रंग डोक्यापासून पाठीपर्यंत सलग येतो आणि छातीवर पांढऱ्यापासून सरळ रेषेत तुटतो. सूटी टर्नचे पिल्लू काळपट तपकिरी, पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचे, आणि त्याला नॉडी म्हणून नोंदले जाते. शेपूट दुभंगलेली आणि पोटाचा मागचा भाग फिकट असेल तर सूटी. शेपूट पाचरीसारखी आणि पोटही गडद असेल तर नॉडी. प्रौढ ब्रायडल्ड आणि सूटीत कपाळाचे पांढरे पाहा : ब्रायडल्डचे डोळ्याच्या मागे जाते आणि पाठ तपकिरी-राखाडी असते, सूटीचे डोळ्यापाशी थांबते आणि पाठ काळी असते. ब्रायडल्ड आपल्याकडचाच म्हणायला हवा, वेंगुर्ल्याच्या खडकांवर तो वीण करतो.

दोन गोष्टी प्रकाशाबद्दल, कारण पुस्तक बरोबर असूनही ओळख इथे बिघडते. शिवडीच्या धक्क्यावरून आपण पूर्वेकडे पाहतो, त्यामुळे सकाळी सूर्य समोर येतो आणि सगळे गल काळे दिसतात. दुपारनंतर येणारी भरती निवडा. जुहू, आक्सा, गोराई पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तिथे सकाळ चांगली. दुर्बीण बोटीवर ८ पटीची घ्या, १० पटीची हलत्या डेकवर स्थिर राहत नाही. शिवडीला स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, न्या. ऊन चढले की चिखलावरची हवा थरथरते आणि मग कितीही मोठा स्कोप असला तरी डोळ्याचा रंग दिसत नाही.

पुस्तकाचीही काळजी घ्या. खारा तुषार पानांच्या कडांवर बसला की ती चिकटतात आणि पावसाळ्यात बुरशी धरते. झिपच्या पिशवीत न्या, रबरबँडने चालू पान धरा. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने फक्त मुखपृष्ठ पुसा, पंख्याखाली पाने उघडी ठेवा आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पेन्सिल सोबत असू द्या, पेनची शाई ओली झाली की पसरते. आणि पुस्तकात लिहा. पॅलसेस गलच्या पानावर कोणत्या तारखेला पहिले काळे डोके दिसले, लेसर क्रेस्टेडच्या पानावर आक्षीला कोणत्या आठवड्यात थवा वाढला, ब्राउन-हेडेडच्या पिल्लाचा डोळा कोणत्या महिन्यात फिकट होऊ लागला. अशा नोंदी उपखंडभराच्या पुस्तकात छापून येत नाहीत, त्या मुंबईच्या माणसानेच समासात लिहायच्या असतात.